एका धाग्याचे दोन

मुलीच्या मासिकातून लाल-हिरवा कागदी चष्मा निघाला. त्याच्या डिंकाच्या वासाने मी थेट पन्नासच्या दशकातल्या वर्ध्यात पोचलो.

तिथे मास्तर व्हायला सूतकताईची परीक्षा द्यावी लागे, आणि एके दिवशी माझी ती परीक्षा होती. धागा तुटला की मास्तरकी गेली! आणि मी आदल्या दिवशी सिनेमाच्या तंबूत असाच चष्मा लावून, अंगावर धावून येणारी चित्रं लागोपाठ दोन खेळ पाहिलेली. डोळे ठणकत होते. चरख्यावर एकाऐवजी दोन धागे दिसत होते. घाबरून एक डोळा मिटला, तर धागा एक झाला. पण समोर परीक्षक बाई उभ्या!

"काऊन रे, मले डोळा मारून राह्यला?"

घामाघूम होऊन मी तंबूचं सगळं कबूल केलं.

बाई वाकून कुजबुजल्या, "मिटूनच ठेव. मीबी तंबूतच होती. सकाळपासून एकाच डोळ्यानं मार्क देऊन राह्यली."