वाल्वच्या दांड्यावरचा चंदेरी रंग

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण ते चंदेरी रंगाचे पोपडे अजून डोळ्यांसमोर आहेत.

नेवासा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात वाफेच्या पाइपचा जोड फुटून एक कामगार भाजला होता. ठाण्यात फोन आला तो तिथल्या फोरमनचा. "सायेब, आपरेटर मोबाईल बघत हुता. त्यानंच वाफ एकदम सोडली." मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि ऑपरेटरला बोलावलं. निष्काळजीपणाचा सरळ गुन्हा, असं मी धरूनच चाललो होतो.

ऑपरेटरच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. भाजलेल्या सोबत्याला त्यानेच बाहेर ओढलं होतं. तीनदा फिरवून फिरवून विचारलं, उत्तर एकच.

"कंप्यूटरवरनं वाल्व दोन टक्के उघडाय लावला, हललाच न्हाई. आनखी दोन-दोन देत गेलो, तरी न्हाई. मंग एकदम उडी मारून उघडला नि वाफेच्या जोरानं जोड फुटला. सायेब, नोकरी गेली तर जाऊ द्या, पन मित्राला मी भाजलं असं लिहू नका."

खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. हा घालत नव्हता. अटकेचे कागद बाजूला सारले आणि दोन पंच घेऊन कारखाना गाठला. मूळ सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच.

वाफ बंद ठेवून वाल्व तपासायला घेतला. मेकॅनिक कंट्रोल रूममधून दोन-दोन टक्के वाढवत होता, मी वाल्वजवळ उभा. दोन, चार, सहा झाले तरी वाल्व उघडणारा दांडा जागचा हलेना. आठला धाडकन वर गेला. संगणकातल्या जुन्या नोंदी काढल्या, तर आधीच्या पाळ्यांतही हेच. ऑपरेटर वेगळे, उडी तीच. मेकॅनिकने दांडा खरवडला तेव्हा चंदेरी रंगाचे पोपडे निघाले; त्या रंगानेच दांडा अडकत होता.

"दांड्याला रंग कोणी मारला?" मी फोरमनला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "बायलर पेटवायच्या पूजेला पाव्हणे येनार हुते. समदं चकाचक करा म्हनून वरनं सांगितलं. घाईत दांडाबी रंगवला. थेंब गळत हुता, म्हनून दांड्याभोवतीचं नटबी कचकून आवळलं."

"आणि मोबाईल?"

"त्यो म्या बनवून सांगितला, सायेब."

मला संताप आला, पण जबाब शांतपणे नोंदवला. ऑपरेटर त्याच दिवशी घरी गेला.

तेव्हापासून पहिली खबर देणाऱ्याचा जबाब मी सर्वात कसून घेत आलो. पण एक गोष्ट पंचनाम्यात आली नाही, ती इथे लिहितो. त्या पूजेच्या बंदोबस्ताला मीच होतो. "कारखाना झकास चमकवलाय," असं म्हणत फोरमनच्या पाठीवर थाप मारली होती, तीही मीच.