कोह आंटींच्या शेजारची खुर्ची

रुपाली गजभियेला गाणं कधी जमलं नव्हतं, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. नागपूरला शाळेत असताना समूहगीताच्या वेळी बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि हळूच सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." ती मनापासून ओठ हलवायची. पुढे इंजिनिअर झाली, उज्ज्वलशी लग्न झालं, दोघं सिंगापूरला आले. मुलगी अवनी इथल्याच शाळेत वाढली. पुंगोलमध्ये उंचावरचा फ्लॅट, खाली एलआरटी या छोट्या रेल्वेचं स्टेशन, आणि आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत चिप तपासायचं काम. सगळं शिस्तीत चाललं होतं.

एके दिवशी सकाळी उज्ज्वलने तिला हलवून उठवलं. "अगं, अलार्म केव्हाचा वाजतोय!"

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती डाव्या कुशीवर झोपली होती. उशीवरून डोकं उचललं तेव्हा मात्र अलार्म कर्कश वाजायला लागला. उजव्या कानात पाणी गेलं असेल असं म्हणत तिने आंघोळ केली, कान झटकला, ऑफिसला गेली. दुसऱ्या दिवशीही ते 'पाणी' निघालं नाही, तेव्हा उज्ज्वल तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी, कारण सापडत नाही. उजव्या कानाने आता ऐकू येईल असं वाटत नाही. डावा उत्तम आहे, त्याच्यावर चालवायचं."

एका कानाने ऐकू कमी येईल एवढं तिने गृहीत धरलं होतं. पण आवाज कुठून येतो हेच कळेनासं होईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फलाटावर कुणी हाक मारली की ती हमखास उलट्या बाजूला वळायची. घरात अवनीने "आई!" म्हटलं की स्वयंपाकघर, बेडरूम, बाल्कनी असा शोध सुरू व्हायचा.

"आई, मी इथे आहे लाह! सोफ्यावर!" इथल्या बोलीतलं 'लाह' जोडत अवनी हसायची. पहिल्यांदा रुपालीही हसली. नंतर नंतर अवनी हसायची थांबली आणि समोर येऊनच बोलायला लागली. त्याचं रुपालीला जास्त लागलं.

सगळ्यात वाईट जेवणाची सुट्टी. ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, शेकडो माणसं, पंखे, कढया, थाळ्यांचा खडखडाट. त्या सगळ्याचा तिच्या डाव्या कानाशी एकच गोंगाट व्हायचा आणि टेबलावरचं बोलणं त्यात बुडून जायचं. ती अंदाजाने मान हलवायची. एकदा एका सहकाऱ्याने वडिलांच्या आजारपणाबद्दल काही सांगितलं आणि ती छान हसली. त्यानंतर ती घरून डबा न्यायला लागली आणि आपल्या जागेवरच एकटी जेवू लागली. कारण कुणाला सांगितलं नाही. नागपूरला बाबांनाही नाही. दादाराव दर रविवारी फोन करायचे, "जय भीम, रुपा, कशी आहेस?" आणि ती डाव्या कानाला फोन लावून म्हणायची, "मस्त, बाबा."

कानाच्या तपासणीला असलेल्या बाईंनी एकदा तिला विचारलं, "तुम्ही आवाजापासून लांब राहता का?"

"हो. त्रास होतो."

"त्याने कान आणखी घाबरतो. थोड्या माणसांत, थोड्या आवाजात बसायची सवय ठेवा. एखाद्या वर्गाला जा. काहीही चालेल."

घरी आल्यावर हे सांगितलं तर अवनीने लगेच फोन काढला. त्यांच्या कम्युनिटी क्लबमध्ये शनिवारी सकाळी अंगक्लुंगचा वर्ग होता. अंगक्लुंग म्हणजे बांबूचं वाद्य. चौकटीत बांबूच्या नळ्या अडकवलेल्या असतात, चौकट हलवली की खुळखुळ्यासारखा पण सुरेल आवाज येतो. एका अंगक्लुंगातून एकच स्वर निघतो. त्यामुळे एकट्याला गाणं वाजवताच येत नाही. दहा-पंधरा माणसं हवीत, आणि ज्याने त्याने आपला स्वर आला की हलवायचं.

"संगीत? मला?" रुपाली म्हणाली. "अगं, मी अर्धी बहिरी आहे."

"अर्धीच ना, आई. पूर्ण नाही लाह."

उज्ज्वल पेपरामागे तोंड लपवून हसला. पुढच्या शनिवारी ती गेली.

वर्ग बॅडमिंटनच्या कोर्टाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवायच्या नॉर्माबाई, सगळे त्यांना मलयमधल्या रिवाजाप्रमाणे 'चिकगू', म्हणजे गुरुजी, म्हणत. साठी ओलांडलेल्या, शिडशिडीत, डोक्याला फिकट हिरवा स्कार्फ. वर्गात बहुतेक सगळे निवृत्त लोक. रुपाली सर्वांत लहान. चिकगूंनी तिच्या हातात दोन अंगक्लुंग दिले, एकावर एक आकडा, दुसऱ्यावर पाच. फळ्यावर मोठ्या कागदावर आकडे लिहिलेले. चिकगू छडीने आकडा दाखवायच्या, ज्याचा असेल त्याने हलवायचा. एक म्हणजे सा, पाच म्हणजे प, एवढं रुपालीने मनाशी लावून घेतलं आणि तिचं काम सोपं झालं. डोळ्यांना दिसेल तसं हात हलवायचे. यात ऐकायची गरजच नव्हती, आणि म्हणूनच तिला ते आवडलं.

उजव्या हाताला कोह आंटी बसायच्या. गोल चेहरा, आखूड पांढरे केस, आणि बोलायची दांडगी हौस. रुपाली फळ्याकडे बघत राहायची. आंटींनी एकदा डब्यातून पांदानच्या सुगंधी पानांची हिरवी वडी पुढे केली, काहीतरी म्हणाल्या, आणि थोडा वेळ हात तसाच धरून मागे घेतला. रुपालीला हे उशिरा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. तोवर डबा बंद झाला होता. सांगावं असं तिच्या मनात आलं, पण कानाचं सांगायचं राहून गेलं.

मग एका शनिवारी चिकगूंनी कागद गुंडाळून ठेवला.

"आता बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता ऐकायचं. शेजाऱ्याचा स्वर संपला की आपला."

कोह आंटींचा दोनाचा स्वर संपला की तिचा एक यायचा होता, आणि कोह आंटी उजवीकडे. तिला सगळीकडून नुसता बांबूचा पाऊस ऐकू येत होता. पहिल्यांदा तिने फार लवकर हलवलं. दुसऱ्यांदा हलवलंच नाही. तिसऱ्यांदा सगळे थांबले तरी तिचा अंगक्लुंग वाजत राहिला. मागून कुणी तरी हसलं. कुठून ते तिला कळलं नाही, म्हणून सगळेच हसताहेत असं वाटलं. मधल्या सुट्टीत तिने पर्स उचलली आणि घरी गेली. पुढचे काही शनिवार अवनीने विचारलं की ती म्हणायची, "ऑफिसचं काम आहे."

पुंगोलच्या बाजारात मासे घेताना कुणी तरी तिच्या खांद्यावर टपली मारली. वळून बघते तर कोह आंटी, हातात कोबी.

"तू येणं का थांबवलंस?" आंटींनी इंग्रजीत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे, "आणि एक विचारू? मी इतक्यांदा तुझ्याशी बोलले, तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. माझं काही चुकलं का?"

मासेवाला पिशवी पुढे करून उभा होता. रुपालीने पिशवी घेतली. मग म्हणाली, "आंटी, मला त्या कानाने ऐकू येत नाही."

घरच्यांखेरीज कुणाला तरी हे ती पहिल्यांदाच सांगत होती. आता 'अरेरे' येईल म्हणून तिने मान खाली घातली.

"कोणत्या?"

"उजव्या."

आंटी कोबी सांभाळत तिला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या. "मग त्या खुर्चीवर का बसलीस? माझ्या पलीकडची खुर्ची रिकामीच होती की!" त्या खरोखरच रागावल्या होत्या. "इतके दिवस मला वाटलं, ही बाई शिष्ट आहे. अगं, तिथे धडधाकट कोण आहे? मिस्टर राजूंना फळा दिसत नाही, माझं मनगट गेलंय. तू एकटीच आलीस लपवायला."

रुपालीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोघी बाजारातल्या कॉफीच्या दुकानात भिंतीशी बसल्या. रुपालीने आधीच सांगितलं, "मी या कोपऱ्यात बसते, तुम्ही इकडे बसा." आंटी तासभर बोलत होत्या आणि तिला जवळजवळ सगळं ऐकू आलं.

शनिवारी ती गेली तेव्हा चिकगूंना सगळं माहीत होतं. कोह आंटींच्या पोटात काही राहणं शक्यच नव्हतं. चिकगूंनी फार चर्चा केली नाही. रुपालीची खुर्ची उचलून उजव्या टोकाला ठेवली, म्हणजे सगळा वर्ग तिच्या डावीकडे आला. लगेच शेजारी कोह आंटी. "सगळ्यांना ऐकायला जाऊ नकोस," चिकगू म्हणाल्या. "फक्त कोहला ऐक."

ते सोपं नव्हतं. पण पंधरा जणांच्या आवाजातून एकच आवाज शोधायचा, तो धरून ठेवायचा, आणि तो थांबला की आपण सुरू व्हायचं, हे हळूहळू जमू लागलं. कोह आंटी स्वर जरा उशिरा सोडतात, शेवटी एक छोटा झटका देतात, हे तिला ओळखू यायला लागलं. घरी भाजी चिरताना तिचं बोट ओट्यावर सा आणि प धरून ताल द्यायचं. ऑफिसमध्येही एक दिवस ती डबा घेऊन हॉकर सेंटरला गेली आणि म्हणाली, "मला एका कानाने ऐकू येत नाही. मी टोकाला बसते, आणि मी भलतीकडे हसले तर सांगा." ज्याच्या वडिलांच्या आजारपणावर ती हसली होती, तो सहकारी सरकून बसला. त्याचे वडील आता बरे होते.

वर्षअखेरीला क्लबच्या सभागृहात कार्यक्रम झाला. उज्ज्वल आणि अवनी पुढे बसले होते. दुसरं गाणं लांबलचक होतं. मधेच रुपालीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दोनाचा स्वर आला, पण अडखळत. पुढच्या वेळी त्याचा शेवटचा झटका आला नाही. तिने बघितलं, कोह आंटींचं तोंड आवळलेलं होतं आणि मनगट थरथरत होतं. चिकगूंचं लक्ष दुसऱ्या टोकाला होतं. रुपालीने पाचाचा अंगक्लुंग डाव्या कोपरात अडकवला, हात पुढे केला. आंटींनी एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि आपला अंगक्लुंग सोडला. पुढचं सगळं गाणं रुपालीने तीन स्वर सांभाळत वाजवलं. एकदा दोनाच्या जागी पाच वाजला. चिकगूंनी भुवई उंचावली, पण छडी थांबवली नाही. टाळ्या पडल्या तेव्हा आंटी मनगट चोळत तिच्या डाव्या कानाशी म्हणाल्या, "पाच चुकला."

"माहीत आहे," रुपाली म्हणाली.

त्या रविवारी तिने बाबांना कानाचं सांगितलं. दादाराव एकदम मोठ्याने ओरडून बोलायला लागले. "बाबा, ओरडू नका, फोनचा कान चांगला आहे," ती म्हणाली. "बरं, बरं," ते ओरडले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि वाद्य कोणतं म्हणालीस?" तिने सगळं समजावलं. एका वाद्यातून एकच स्वर येतो, हे त्यांना पटेना. तिने सरावासाठी घरी आणलेला अंगक्लुंग फोनसमोर हलवला.

आता ती कामावरून सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मोठ्या माणसांसाठी चालणाऱ्या एका संगीतशाळेत जाते. स्वरलेखन वाचायला शिकते, कारण चिकगूंना गाणी आकड्यांत उतरवून देणारं कुणी तरी हवं होतं. तिथेही ती उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसते, आणि का ते तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शनिवारच्या वर्गात कोह आंटींनी मोठे अंगक्लुंग सोडून सर्वांत लहान, हलके घेतले आहेत. त्या अंगक्लुंगांचा स्वर बारीक आहे, आणि आंटी तो अजूनही जरा उशिराच सोडतात. रुपाली थांबते, आणि मग आपला स्वर वाजवते.