धाकटीची साखर

माझ्या धाकट्या जावेचा मोबाईल टिंग वाजला की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? ती मेसेज बघायची, "आला बाई" म्हणायची आणि फोन पुन्हा पर्समध्ये टाकायची. त्या दोन शब्दांपायी माझ्या भाकरी तव्यावर करपल्या आहेत.

आम्ही कोपरगाव तालुक्यातली उसावर जगणारी माणसं. आमच्याकडे शेअर म्हटलं की साखर कारखान्याचा शेअर, दुसरा कुठला नाही. आमच्या घरचा सासऱ्यांनी घेतलेला, ते गेल्यावर सासूबाईंच्या नावावर झाला. त्याचा भाव रोज चढत नाही की पडत नाही. कारखान्याचं बरं चाललं तर थोडाफार डिव्हिडंड मिळतो, आणि दिवाळीला सभासदाची स्वस्तातली साखर. डिव्हिडंड आमच्या सासूबाईंनी कधी धरलाच नाही. त्यांना साखर दिसायची. कुणी पतसंस्थेचं सांगो, कुणी विम्याचं, त्या एकच विचारायच्या, "साखर देत्यात का?"

आम्ही दोघी सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या माझ्याकडे राहायच्या. मी थोरली, गावात, शेतावर. धाकटी नगरला, दीर तिकडे कंपनीत आणि ती एका शाळेच्या ऑफिसात. सणाला यायची, चार दिवस गोड बोलायची आणि जायची. तेवढ्यात आत्याबाईंचा जीव तिच्यावर! मी मात्र बारा महिने शिव्या खायला.

नव्या रस्त्यात आमची जमीन गेली तेव्हा भरपाईचे पैसे दोन्ही भावांत सारखे वाटले गेले. आमच्या ह्यांनी बोअर घेतलं, ट्रॅक्टर घेतला, वर स्लॅब टाकला. बोअरला पाणी लागलं ते चार महिने पुरलं. धाकटीनं काय केलं ते तिनं माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं. एका युनिट ट्रस्टची बांधीव योजना होती म्हणे. त्यांनी सुरुवातीलाच डिव्हिडंड देणाऱ्या वीस-पंचवीस कंपन्यांचे शेअर निवडून घ्यायचे आणि सात वर्षं त्यात बदल करायचा नाही. आपल्याला त्यातले युनिट मिळतात. कंपन्या जो डिव्हिडंड देतील तो दर तीन महिन्यांनी वाटून द्यायचा, आणि मुदत संपली की शेअर विकून ज्याचं त्याला, भाव असेल तसं.

मला काही नीट उमगेना, तेव्हा तिनं फळीवरच्या लोणच्याच्या बरणीकडे बोट केलं. म्हणाली, ताई, तुम्ही बरणी भरून दादरा बांधता ना, आणि मग वर्षभर कुणाला हात लावू देत नाही? तसंच. मी विचारलं, आणि मधेच एखादी फोड नासली तर? ती म्हणाली, कंपनी अगदीच बुडीत निघाली तर काढतील, एरवी बाकीच्या सांभाळून नेतात. माझ्या बरणीत फोड नासलेली नव्हती म्हणून मी हसले. ती म्हणाली, तुम्ही पण घाला थोडे, पुढच्या महिन्यात योजनेचं दार बंद होणार. मी म्हटलं, आम्हाला नाही बाई परक्याच्या घरात लोणचं घालायचं.

आत्याबाई तिथंच लसूण सोलत होत्या. त्यांनी विचारलंच, साखर देत्यात का? धाकटी म्हणाली, साखर नाही देत, पण येईल त्यातून मी तुमच्यासाठी आणत जाईन. आणि मग हसत हसत, जणू काही भाजीचं बोलावं तसं, तिनं पुढचं सांगितलं. सात वर्षांनी बरणी उघडली की नगरच्या घराला खाली एक खोली काढायची, आतच संडास-बाथरूम, आणि आत्याबाईंना घेऊन जायचं.

मी म्हटलं, घेऊन जा गं, सुटले मी. तोंडानं म्हटलं. पण त्या दिवसापासून मी त्या बरणीच्या वाईटावर टपून बसले, हे आज सरळ सांगते. ती बरणी नासली असती तर आत्याबाई माझ्याकडे राहिल्या असत्या.

म्हणाल, इतकं काय होतं त्या म्हातारीत? काही नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायची. मी झाडलेल्या अंगणात पुन्हा खराटा घेऊन जायची. माहेरचं कुणी आलं की त्यांच्यासमोर माझ्या भाकरीचा पापुद्रा उचलून दाखवायची, की बघा, फुगली न्हाई. पण माझ्या थोरल्या लेकीला बाळंतपणात खोकल्याची ढास लागली, तेव्हा ही बाई तिच्या उशाशी बसून होती. आणि मी विहिरीवरून परत यायला उशीर केला की बांधापर्यंत येऊन उभी राहायची. आल्यावर म्हणायची, "मेलीस का काय?" अशा बाईला कसं द्यायचं?

मग तो डिव्हिडंड यायला लागला आणि माझे हाल कुत्रं खाईना. पहिल्यांदा धाकटीनं आत्याबाईंना चष्मा आणला. मी दोन वर्षं म्हणत होते तालुक्याला जाऊन डोळे तपासू, तर मला म्हणायच्या, माझं डोळं चांगलं हाईत, तुझंच फुटल्यात. धाकटीचा मात्र नाकावर चढवून गल्लीभर हिंडल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, "ही धाकटीची साखर." मग मऊ चपला आल्या. त्याही साखर. मग कानाचं मशीन. तेही साखर. त्या मशीनमुळे मी चुलीपाशी पुटपुटलेलं सगळं त्यांना ऐकू यायला लागलं, आणि माझे हाल दुप्पट झाले.

म्हशीचं दूध मी काढायची, पाय मी चेपायची, आणि लई गुणाची कोण, तर धाकटी. तीन महिन्यांतून एकदा उगवणारी.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. तालुक्याच्या गावी एका मेडिकलच्या वर शेअरचं ऑफिस होतं, तिथं गेले आणि म्हटलं, मला पण त्या बांधीव योजनेत घ्या. तिथली पोरगी म्हणाली, काकू, ती केव्हाच बंद झाली, आता त्यात नवीन कुणाला घेत नाहीत. मला वाटलं धाकटीनंच कडी लावून घेतली. मग मी विचारलं, डिव्हिडंड लगेच कोण देतंय? तिनं एका कंपनीचं नाव सांगितलं. अमक्या तारखेच्या आत घेतला तर मिळणार. पुढचंही ती काही सांगत होती, पण मी कुठं ऐकते! दूधवाल्याकडून आलेले पैसे त्यात घातले. माझा हिशोब सरळ होता. आज शेअर घ्यायचा, डिव्हिडंड पदरात पाडायचा, घेतल्या भावाला विकायचा आणि आत्याबाईंना धाकटीच्या आधी उबदार शाल न्यायची.

डिव्हिडंड लागू झाला त्याच सकाळी शेअरचा भाव खाली आला. जेवढा देणार, साधारण तेवढाच. मी तडक त्या ऑफिसात. म्हटलं, एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, ही कुठली रीत? आमच्या कारखान्यात असं होत नाही. तुमच्या चेअरमनला बोलवा, आणि सर्वसाधारण सभा कधी आहे ते सांगा. आमच्याकडे सभासदाला राग आला की तो सभेत माईक ओढून घेतो. ती पोरगी हसू दाबत म्हणाली, काकू, कंपनीच्या गल्ल्यातून पैसे तुमच्याकडे येणार, मग गल्ला तेवढा हलका नाही का होणार? ज्यांनी धरून ठेवलाय त्यांना वर्षानुवर्षं मिळत जातं, एका दिवसासाठी आलेल्याला काही उरत नाही. मला ते पटलं, म्हणूनच मला राग आला. शेअर विकला, आणि शाल घ्यायची ती घेतलीच, घरखर्चातून. आत्याबाईंनी ती अंगावर घेतली आणि म्हणाल्या, टोचतीया.

मधे एकदा बाजार पडला. टीव्हीवर लाल आकडे, आमचे हे म्हणाले धाकटीचं वाटोळं झालं बहुतेक. मी "अरेरे" म्हटलं आणि त्या दिवशी शिरा केला. देवाला दिवा पण लावला, कशासाठी ते देवालाच ठाऊक. पुढच्या महिन्यात धाकटी आली. मी काळजीनं विचारावं तसं विचारलं, काय गं, तुझ्या बरणीचं कसं? ती म्हणाली, ताई, भाव निम्म्यावर आलाय, एका कंपनीनं डिव्हिडंड पण बंद केला. माझा आवाज लगेच मऊ झाला. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. "आला बाई," ती म्हणाली. कमी आला होता, पण आला होता. तिला त्या पडलेल्या भावाचं काही वाटतच नव्हतं, कारण विकायचंच नव्हतं. शिरा उगाच केला.

सात वर्षं कशी गेली कळलं नाही. भाव पुन्हा वर आले, बरणी उघडली, धाकटीचं भलं झालं. नगरच्या घराला खोली निघाली. खाली, उन्हाची, आतच संडास, धरायला भिंतीला स्टीलचा दांडा. ती आणि दीर गाडी घेऊन आत्याबाईंना न्यायला आले.

माझा एक शेवटचा भरवसा होता, तो म्हणजे आत्याबाईच. मला वाटत होतं त्या नाही म्हणतील. इथं आयुष्य गेलं, इथली तुळस, इथली म्हैस, इथं भांडायला मी. आदल्या दिवशी त्यांच्या डोक्याला तेल लावताना मी विचारलं, जाताय का मग? मशीन कानात होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

त्या म्हणाल्या, "गुडघं न्हाई सोसत आता. तिकडं संडास आत हाय."

बस, एवढंच. ना डोळ्यांत पाणी, ना तुझी आठवण येईल. आमच्याही घरी स्लॅबच्या जागी आत संडास झाला असता, पण ह्यांना तेव्हा सुचलं नाही. त्या रात्री मी ह्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारचे बाहेर आले.

जाताना आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडून कारखान्याचं साखरेचं कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, दिवाळीची साखर तूच उचल, मला तिकडं आणून दे. गाडी गेली. मी घरात आले, आमटीत मीठ बरोबर घातलं आणि एकटीनं जेवायला बसले. कुणी ताट सरकवलं नाही.

दिवाळीला मी साखर उचलली आणि एस.टी.नं नगरला गेले. पिशवीत साखर, घरचं तूप, आणि बाजारात दिसली म्हणून एक मऊ शाल. आत्याबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, सांगायला जीव जळतो पण भरल्या होत्या. शेजारच्या दोन बाया आल्या होत्या, त्यांना शाल उलगडून दाखवत म्हणाल्या, "ही माझी थोरली. लई गुणाची. बघा, केवढी साखर घिऊन आली." मी इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तडफडले ते मला असं फुकटात मिळालं.

दारात धाकटी उभी होती. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, हाताला पीठ. तिनं शालीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत गेली. ते तोंड मी ओळखलं. सात वर्षं मी ते आरशात बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पानावर बसेपर्यंतच टिकला.

जेवायला बसलो. पहिल्याच घासाला आत्याबाईंनी ताट सरकवलं आणि आवाज चढवला, "आमटीत मीठ हाय का न्हाई गं? कवा शिकायची तू?"

माझ्या अंगवळणीच पडलेलं ते. मी हातातला घास टाकला आणि मिठाचा डबा आणायला उठले. पण धाकटीनं डबा आणला होता, त्यांच्या पानात मीठ वाढत होती, आणि त्या तिला अजून बोलतच होत्या. मी तशीच उभी राहिलेली बघून आत्याबाई माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम गोड झाला.

"तू कशाला उठलीस? तू बस. तू पाव्हनी हाईस."

मी बसले. ताटातली आमटी खाल्ली, मीठ खरंच कमी होतं. मी धाकटीकडे बघत राहिले, तिच्या पिठाच्या हाताकडे, आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखायला लागलं.