ओसरीवरचा पाट

ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्मींच्या चरणी मस्तक ठेवून, त्यांच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हे लिहीत आहे. चित्त प्रसन्न असावे असा हा दिवस. परंतु चित्तात किळस आहे, आणि ती माझी मलाच आहे.

श्रावणात वाशीमला माझी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. घरी आलो तो लघवीची पिशवी घेऊनच. पत्नी ती रिकामी करी, नळीभोवतीची जागा पुसून काढी. मी भिंतीकडे तोंड फिरवून पडून राही. एकदा तो दर्प मलाच असह्य झाला.

"तुला किळस येत नाही?"

"येते नं. पन तुमाले जास्त येऊन राह्यली, म्हणून दाखवत नाही."

आणि मला आमची मागची ओसरी आठवली. तरुणपणी दर महिन्याला ती चार दिवस तिथे पाटावर वेगळी बसे. मी तिला वरून, हात लांब धरून पाणी वाढी. एकदा ती तापाने फणफणली होती. थरथरत्या हातातले फुलपात्र निसटले, माझ्या सोवळ्यावर शिंतोडे उडाले. मी तिच्या कपाळाला हात लावला नाही. आधी जाऊन स्नान केले. शास्त्र मला मुखोद्गत होते. तिला ताप किती होता, हे आजही ठाऊक नाही.

महालक्ष्म्या आल्या तरी पिशवी निघाली नव्हती. आमच्याकडे पूजा पुरुषाच्याच हातची. "इथल्या जवळच्या मालेगावच्या चुलतभावाला बसवू," मी म्हणालो. ती देवींना साड्या नेसवत होती. हात क्षणभर थांबले, पुन्हा निऱ्या घालू लागले. सोळा भाज्या रांधून दर वर्षी ती पूजेच्या वेळी दारात उभी राहिली होती.

"तू बस," मी म्हणालो. "मी ओसरीवरून मंत्र सांगतो."

"मले जमन काय? हात कापतात माहे."

"कापू देत. शिंतोडे उडाले तरी चालतील."

तिने माझ्याकडे पाहिले. तिलाही आठवत होते.

पूजा मध्यावर असताना चुलतभाऊ आला. "दादा, वैनीले काहून बसवलं देवीपुढं? अन् तुमी बाहेर?"

मी उत्तर जुळवत होतो, तोच ती मागे न वळता म्हणाली, "भावजी, पाय धुवा अन् बसा. नाही तं मालेगावची एसटी उभीच असन."

तो बसला. पुढे आंबील दोनदा मागून घेतली.

मी त्याच जुन्या पाटावर बसलो होतो. एका मंत्राशी अडखळलो. ती थांबली, मला आठवेपर्यंत. नंतर तीर्थ घेऊन बाहेर आली. वरून ओतले नाही. माझ्या हाताला खालून आधार देऊन तळव्यावर दिले. तिचा हात कापत नव्हता.

माझी किळस गेलेली नाही, जाऊही नये.

वाचकहो, तुमच्या घरी कुणालाही वरून पाणी न मिळो. तापलेल्या कपाळावर आधी हात पडो, आणि महालक्ष्मी तुमच्या कुटुंबात तृप्त होऊन नांदोत.