कढीपत्त्यावरची गाठ

तारामतीनं एकवीस वर्षं लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण पुसले. काचीगुडा स्टेशनसमोर नवऱ्याचा, प्रतापरावांचा, फोटो स्टुडिओ. ते फोटो काढायचे आणि ती निगेटिव्ह उजेडावर धरून बारीक पेन्सिलनं खड्डे भरायची, पात्यानं डाग खरडायची. मग नारायणगुड्यात तासाभरात रंगीत फोटो धुऊन देणारी यंत्रं आली, आणि तिचं काम वर्षभरात बसलं.

रडली नाही. स्टुडिओतला जुना कॅमेरा उचलला, लेन्स काढून रिंगनं उलटी बसवली आणि बरकतपुऱ्यातल्या भाड्याच्या घरामागच्या बागेत पालथी पडली. उलट्या लेन्समधून मुंगी मांजराएवढी दिसते. पण श्वास घेतला तरी चित्र पुसट होतं. तारामती श्वास रोखायला शिकली.

फाल्गुनातली बाग लांबून फुलांची. जवळून कत्तलखाना. लिंबाच्या फुलात लपलेला पांढरा कोळी मधमाशीच्या मानेत दात रोवून तिला रिकामी करायचा. कुंभारीण माशी अळीला डंखानं लुळी करून, जिवंतच, पिल्लांसाठी मातीच्या मडक्यात कोंबायची.

"खाटकाचं दुकान झालंय घराचं," प्रतापराव ओले फोटो दोरीवर लावताना म्हणायचे.

"चेहरे बघा की."

"कुणाचे? खाणाऱ्याचे का मरणाऱ्याचे?"

"दोघांचे. कुणीच पावडर लावून बसलेलं नाही."

त्याआधीच, माघ संपता संपता, तिनं कढीपत्त्यावर प्रार्थनाकीटकांची जोडी टिपली. हात जोडून बसलेली हिरवी मादी अंगावरच्या नराचं डोकं खात होती. आधी एक डोळा, मग दुसरा, आणि बिनडोक्याचा नर तसाच बिलगून. आठवड्यानं मादीनं त्याच झाडाच्या फांदीवर फेस काढून अंडी घातली. फेस वाळला. बोराएवढी मळकट गाठ उरली. तिच्यातून दीडेकशे पिल्लं एकाच वेळी धाग्यांनी लोंबत बाहेर येतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. तो जन्म तिला टिपायचा होता. एवढं मरण टिपल्यावर एकदा तरी.

पण घरमालकाच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी झाडं पडणार होती.

पाडव्याला सकाळीच कुऱ्हाडीचा आवाज आला. बिल्डरचा मुकादम यादगिरी एक दिवस आधीच शेवग्याला भिडला होता.

"आज सण आहे ना, यादगिरी!"

"हमारा भी उगादी है, अम्मा. पन सेठ सुनताच नै." त्यानं घाव घातला. शेवगा कण्हला आणि भिंतीवर आडवा झाला. "अब कर्‍यापाक."

तारामती कढीपत्त्याकडे धावली. गाठीचं तोंड ओलसर झालं होतं, आत काहीतरी हलत होतं. तिनं घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! फ्लॅश घेऊन या! निघतायत!"

प्रतापराव बनियनवरच आले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच बागेत उतरले होते.

"कुठं?"

"ही फांदी. इथंच थांबा. रोल भरून आणते. यादगिरी, हात लावशील तर बघ!"

प्रतापराव फ्लॅश धरून थांबले. तीस वर्षांची सवय त्यांची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कॉलर नीट करायची, गालावरची पावडर टिपायची, खांद्यावरचा दोरा उचलायचा. त्यांनी फांदी न्याहाळली. पानं छान, हिरवीगार. मधेच हे कसलं मळकट लडबडलंय? बायकोचा फोटो खराब होईल. फ्लॅशसोबत आणलेल्या कॅमेऱ्याच्या पिशवीत तिचं डाग खरडायचं पातं होतं. त्यांनी ते काढलं आणि हलक्या हातानं फांदी साफ केली.

तारामती आली. फांदी बघितली. पातं बघितलं.

"झकास करून ठेवलीय," ते म्हणाले.

तिनं कॅमेरा गवतावर ठेवला आणि त्यांच्या तोंडात मारली. आडव्या हातानं, दात वाजेपर्यंत. ओठ फुटला. दुसरा तडाखा मनगटावर, पातं उडालं.

"अगं, घाण होती..."

"पोरं होती ती!"

यादगिरीची कुऱ्हाड अर्ध्यावर थांबली. "क्या मारी रे अम्मा!"

गाठ चिरफाळून खाली पडली होती. अर्धी चिरडलेली. उरलेल्या अर्ध्यातून पिल्लं येत होती, पारदर्शक, केसाएवढ्या पायांची, एकमेकांवर चढत. आणि पलीकडून तांबड्या मुंग्यांची रांग आली होती. पहिलीनं पिल्लाची मान धरली. दुसरीनं पाय. दोघींनी ओढलं आणि पिल्लू फाटलं.

"मुंगीपावडर आणतो," प्रतापराव ओठाचं रक्त बनियनला पुसत म्हणाले. "वाचव गं त्यांना."

"पावडरीनं पिल्लं पण मरतील." ती पोटावर पडली, कोपरं मातीत रोवली. "फ्लॅश धरा. डावीकडून. खाली."

"तारा, हे... हे काढणार आहेस?"

"धरा म्हणते ना!"

त्यांनी धरला. ती अंग इंचभर पुढं न्यायची, श्वास कोंडायची, खटका. मुंगीच्या जबड्यात काळा टिंबाएवढा डोळा. खटका. अजून निम्मं गाठीत अडकलेलं पिल्लू, बाहेर आलेलं निम्मं कुरतडलेलं. खटका. मुंग्या तिच्या कोपरावर चढल्या, काखेत घुसल्या, चावल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. हलली असती तर ते मरणही पुसट आलं असतं.

"अम्मा, सेठ आताय," यादगिरी हळू आवाजात म्हणाला.

"रोलचे छत्तीस होऊ देत."

तो कुऱ्हाड टेकवून उकिडवा बसला.

छत्तिसाव्या खटक्याला गाठीजवळ जिवंत काहीच उरलं नव्हतं. तारामती उठली. हात लाल, फुगलेले. तिनं रोल गुंडाळला, पदरात बांधला.

"क्या खींची, अम्मा?"

"खून."

"तो पोलीस को दिखाव ना!" तो हसला. मग प्रतापरावांच्या ओठाकडे बघून त्यानं कुऱ्हाड उचलली.

"आधी धुते," ती म्हणाली. "मग ज्यांना बागेत नुसती फुलपाखरंच बघायचीयत, त्यांना दाखवते."

ती बाजूला सरकली. प्रतापराव फ्लॅश तसाच धरून उभे होते. तिनं त्यांचं कोपर धरून त्यांना मागं ओढलं, आणि कुऱ्हाड पडली.