डब्यावर आर्वीचं लिहिलंय

गेल्या रविवारी दुपारी आमच्या कुसगावच्या दुकानात एक गोष्ट घडली. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून इथे लिहिते आहे...

आमचं किराणा दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. गल्ल्यावर मी आणि बाजूच्या खुर्चीत सासूबाई. त्यांचा एक नियम आहे, लहान मूल आपल्या उंबऱ्यावरून मोकळ्या हातानं जाता कामा नये. मग गोळी असो, बिस्कीट असो नाहीतर चिक्कीचा तुकडा. धंद्याला हा नियम परवडत नाही, पण त्यांना ते सांगायची कुणाची टाप आहे...

मध्यंतरी आमच्या मागच्या खोलीत स्नेहल भाड्याने राहायला आली. नवरा लोणावळ्यात एका हॉटेलात कामाला, मुलगी आर्वी पहिलीत. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी आर्वीच्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवली, तर स्नेहलने ती हळूच काढून घेऊन परत दिली. "नको आजी, तिला चालत नाही."

मग बिस्कीट परत आलं. पेढा परत आला. शेवटी घरच्या म्हशीचा खरवस परत आला, तेव्हा मात्र सासूबाईंचं बिनसलं. "लय शिष्ट हाय बया. आमच्या हातचं चालत न्हाई व्हय हिच्या पोरीला?" खोटं कशाला बोलू, तिडीक माझ्याही डोक्यात गेली होती.

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, आजकालच्या आया मुलांना साखर देत नाहीत, तेच असणार दुसरं काय...

तर रविवारी स्नेहलला लोणावळ्याला जायचं होतं, तिचं काहीतरी पार्सल आलं होतं. आर्वीला तेवढा वेळ आमच्याकडे बसवून गेली. ऊन असं की पोरगी बसल्या जागी घामाघूम. मी लिंबू पिळलं आणि साखरेऐवजी आमच्या ह्यांच्या डब्यातली शुगर-फ्रीची पूड घातली. ह्यांना डायबेटिस आहे, चहात तीच घेतात. मनात म्हटलं, आता बघू हिची आई कशी नको म्हणते.

ग्लास पुढे केला. आर्वीने ग्लास घेतला नाही, बाजूचा डबा उचलला. उलटा केला, मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत गेली आणि एका जागी थांबली.

"मावशी, मला हे नाही चालत. इथे माझं लिहिलंय."

मला हसूच आलं. म्हटलं, तुझं कसं लिहिलेलं असेल गं, आणि तुला इंग्रजी कधीपासून वाचता यायला लागलं? तर म्हणाली, "वाचता नाही येत. पण हा शब्द ओळखता येतो. आईने दाखवलाय."

चष्मा लावून बघितलं. मुंगीएवढी अक्षरं... फिनाइलकेटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही. शब्द उच्चारताना मीच दोनदा अडखळले. मग दुकानातलं शुगर-फ्री च्युइंगगम बघितलं, डाएट कोल्ड्रिंकची बाटली बघितली. तिथेही हीच ओळ. इतकी वर्षं हा माल विकते आहे, पण काहीतरी सरकारी असेल म्हणून कधी लक्षच दिलं नव्हतं.

तेवढ्यात स्नेहल आली. ग्लास आणि डबा बघून पांढरीफटक पडली. "प्यायली का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, तिथेच पायरीवर बसली... आणि मग पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं.

आर्वी जन्मली तेव्हा टाचेतून रक्त घेऊन तपासलं होतं, त्यात हा जन्मजात आजार कळला. दूध, डाळ, शेंगदाणे यांच्यातल्या प्रोटीनमध्ये एक घटक असतो, तो तिच्या शरीराला मोडताच येत नाही. तो रक्तात साठत जातो आणि मेंदूला इजा करतो. म्हणून जेवण मोजूनमापून आणि सोबत एक खास पावडर, पार्सल त्या पावडरीचंच होतं. आणि नेमका तोच घटक ह्या शुगर-फ्रीच्या गोडीत असतो. आमच्या ह्यांच्या शरीराला तो मोडता येतो, हिच्या नाही.

"एका ग्लासाने लगेच काही झालं नसतं ताई," ती म्हणाली. "पण तुम्ही रोज मायेनं देत राहिला असता आणि मला कळलंच नसतं." मी तो ग्लास उचलून मोरीत ओतला. एवढी हुशार पोर... आणि मी.

मग आधी का नाही सांगितलंस? तर आधीच्या घरी सांगितलं होतं म्हणे. तिथल्या बायका आपली पोरं हिच्यापासून लांब ठेवायला लागल्या, आपल्या पोरांनाही हा आजार लागेल म्हणून. त्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेतलेलं बरं, असं तिने ठरवलं होतं.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि देवापुढची खडीसाखरेची वाटी घेऊन आल्या.

"ह्ये तरी चालतंय का गं लेकी?"

स्नेहल रडता रडता हसली. "चालतं आजी. साखर चालते तिला." अख्खं जग जिला घाबरतं, ती साखर हिला चालते... सासूबाईंनी आर्वीची मूठ भरली, तेव्हा कुठे त्या खुर्चीत बसल्या.

मला मात्र त्या ओळीचं अजून नवल वाटतंय. एवढे डबे, एवढी पाकिटं, वाचत कुणीच नाही. तरी कुणीतरी कधीतरी हट्ट धरला असेल की ही ओळ छापायचीच, कुठल्यातरी लेकराला लागेल. आणि ते लेकरू माझ्या दुकानात पाय हलवत खडीसाखर चघळत बसलं होतं. कोण होतं ते माणूस, मला माहीत नाही... पण त्याचं भलं होवो.

सासूबाईंना अक्षर वाचता येत नाही. पण आता नवा माल आला की एकेक पाकीट माझ्या नाकासमोर धरतात.

"बघ गं नीट. आपल्या आर्वीचं लिवलंय का."