माहेरच्या देवीची वाटणी

ठाण्याच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची पत्रं नकलून मान मोडलेला माणूस घरी येऊन काय करेल? पडेल जरा. मी फोटो काढत असे. तेही साधेसुधे नव्हेत, दोन भिंगांचे. एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात मला जुना कॅमेरा मिळाला. भात्याला तीन ठिगळं, तिवईचा एक पाय लंगडा, पण भिंगं लख्ख. एकाच काचेवर शेजारी शेजारी दोन चित्रं उमटायची, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या डोळ्याचं. ती कागदावर छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून बघायच्या पेटीत घातली की झाड पुढे यायचं, भिंत मागे जायची आणि मधला माणूस चक्क उभा राहायचा. मासुंदा तलावाचा घाट पहिल्यांदा असा दिसला तेव्हा मी कचेरीचं पागोटंसुद्धा न उतरवता तासभर ओट्यावर बसून होतो.

घरच्यांना या सगळ्याचं कौतुक शून्य. कॅमेऱ्यापुढे हलू नका म्हटलं की नेमकी सगळ्यांना खाज सुटायची. एका काकांचे तर मी सहा फोटो काढले आणि सहाही फोटोंत त्यांना मिशीच्या जागी धूर आहे. आईचं म्हणणं वेगळंच. दोन सारखी चित्रं काढण्यापेक्षा एकच नीट काढावं, इतकं साधं मला कसं कळत नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची.

पण याच आईसाठी मी एकदा कॅमेऱ्याची पेटी उचलून थेट कोकणात गेलो. तिच्या माहेरी गावदेवीचं देऊळ आहे. लग्न होऊन आई मचव्यातून इकडे आली ती सबंध वाटभर ओकत. तेव्हाच तिनं शपथ घेतली की पुन्हा पाण्यावर पाऊल ठेवणार नाही. घाटवाटेनं जायचं तर तिच्या गुडघ्यांनी केव्हाच नकार दिलेला. त्यामुळे देवीचं दर्शन राहिलं ते राहिलंच. साठी उलटल्यावर ती रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणू लागली, मरायच्या आधी एकदा तिचं तोंड दिसलं असतं तर बरं झालं असतं. रोज! शेवटी एक दिवस म्हटलं, तू देवीकडे जात नाहीस ना, मग मी देवी तुझ्याकडे आणतो.

गावच्या गुरवानं आधी साफ नाही म्हटलं. एका डोळ्याची पेटी असती तर त्यानं विचार केला असता, दोन डोळे वटारून देवीकडे बघणारी वस्तू त्याला बरी वाटेना. शेवटी तोच पितळी परात घेऊन दारात उभा राहिला आणि उन्हाचा कवडसा गाभाऱ्यात टाकत राहिला. मी दोनशेपर्यंत आकडे मोजले. देवी तसूभर हलली नाही. माझ्या आयुष्यात इतकं शहाणं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालेलं नाही.

घरी आल्यावर काचेखाली कागद ठेवून उन्हात एक छाप काढला, दोन चित्रं कापून, डावं-उजवं नीट जुळवून पुठ्ठ्यावर चिकटवली. त्या कागदाला अंड्याचा पांढरा बलक फासलेला असतो, हे मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणखी छाप रविवारी काढू म्हणून काच कोनाड्यात उभी केली आणि कचेरीत गेलो.

संध्याकाळी येतो तो काच लख्ख! आईनं राखेनं घासून देवीसकट सगळा काळेपणा काढून टाकला होता आणि ती मोरीजवळच्या खिडकीला बसेल का ते बघत होती. मी डोक्याला हात लावला. असो, निदान पुठ्ठा तरी आहे, असं म्हणून देवघरात पाहतो तर तिथे अर्धाच पुठ्ठा. चांगला कात्रीनं मधोमध कापलेला.

आईचं उत्तर तयार होतं. एका देवघरात एकाच देवाच्या दोन मूर्ती ठेवू नयेत, एवढंही मला ठाऊक नाही? दुपारी कल्याणहून मावशी आली होती. देवी दोघींच्या माहेरची, म्हणजे तिचाही हक्क अर्धा. दोन होत्या, दोघींना एकेक झाली. उलट मी मुद्दाम दोन काढल्या म्हणून मावशीनं मला तोंडभर आशीर्वाद दिले होते.

मी तसाच गाडी पकडून कल्याणला गेलो. मावशीनं तोवर देवीची पूजा करून घेतली होती. एकदा हळदकुंकू वाहिलं की देव असा पोराच्या हाती उठवून द्यायचा नसतो, म्हणाली. मी भिंगांचं शास्त्र समजावलं, दोन डोळे दोन बाजूंनी कसे पाहतात ते सांगितलं, मग हात जोडले. शेवटी ती स्वतः सोवळं नेसून, देवीला ओच्यात धरून ठाण्याला यायला तयार झाली. डब्यात कुणाचा धक्का लागू नये म्हणून मी सबंध वाट तिच्यापुढे आडवा उभा होतो.

ठाण्याला आल्यावर नवीन तंटा. आईच्या वाट्याला आलेलं चित्र डाव्या डोळ्याचं; पण ती थोरली, तेव्हा तिची देवी उजव्या बाजूला बसणार. मी कितीही ओरडलो तरी ऐकेना. बरं, घाला! दोघींनी आळीपाळीनं पेटीत डोळे घातले. गाभाऱ्याची मागची भिंत पुढे आली आणि देवी मागे खड्ड्यात गेली. देवी विहिरीत पडली की काय, म्हणत मावशी रडकुंडीला आली. शिवाय कुंकू दोन चित्रांवर दोन जागी लागलेलं, त्यामुळे देवीच्या हनुवटीवर काहीतरी लाल लुकलुकत होतं. मी ओल्या फडक्यानं दोन्ही पुसली, अदलाबदल केली आणि आईला म्हटलं, आता बघ.

तिनं पेटीत डोळे घातले. तिचा श्वास बदललेला मला ऐकू आला आणि माझे डोळे भरून आले. शेवटी जमलं एकदाचं.

"ओटी कुणी भरली ही?" ती म्हणाली. "नारळाची शेंडी माझ्याकडे कशी? ती देवीकडे हवी."

मावशीनं पेटी ओढून पाहिलं. खरंच, नारळ पुढे, शेंडी अगदी बघणाऱ्याच्या नाकाशी. कोकणात आता रीतभात सांगणारं कुणी उरलंच नाही, यावर दोघींचं एकमत झालं. ती ओटी आईच्या वतीनं मीच भरली होती आणि चित्रात उठाव यावा म्हणून शेंडी भिंगाकडे केली होती. कबूल करायला तोंड उघडलं तेवढ्यात आई म्हणाली, आपण जायचं. आगबोटीनं. मी ओकाऱ्यांची आठवण करून दिली. ओकले तर ओकले, म्हणाली, देवीला तसं ठेवून मी मरू का?

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. आई बंदर सोडल्यापासून ओकत होती आणि मावशी तिची पाठ चोळत होती. देवळाच्या पायरीशी आईनं चूळ भरली, पदर सारखा केला. मला राहवेना. म्हटलं, आई, तो नारळ मीच तसा ठेवला होता. उगीच आलीस तू एवढ्या लांब.

"तो नारळ त्याच संध्याकाळी गुरवाच्या घरी गेला असणार," ती म्हणाली. "मला काय कळत नाही?" आणि मावशीचा हात धरून ती आत गेली.